पायलटबाई आणि फवारणीचं पाणी

अनुपमाच्या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा शालींनी भरलेला आहे. दोन वर्षांत तिचे इतके सत्कार झाले की त्या शालींचं करायचं काय, हा घरात प्रश्नच झाला. शेवटी सासूनं, तानुबाईनं, त्यावर उपाय काढला. नात्यागोत्यात लग्न निघालं की ती एक शाल आहेर म्हणून देऊन टाकते. गेल्या हिवाळ्यात दिलेली एक शाल फिरत फिरत परत एका सत्कारात अनुपमाच्याच खांद्यावर आली. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, म्हणून तिनं ओळखली.

धाड या बाजारपेठेच्या आसपासच्या गावांमध्ये फवारणीचा ड्रोन उडवणारी ती पहिली बाई. सत्कार त्याचाच. प्रत्येक ठिकाणी निवेदक माइकवर तेच सांगतो, की ही मुलगी लहानपणी आकाशातली विमानं पाहायची आणि एक दिवस आपणही उडायचं असं स्वप्न बघायची. अनुपमा खुर्चीत बसून ऐकते आणि मनातल्या मनात दात आवळते. तिचं माहेर वडनेर भोलजीचं. तिथं तिनं विमानाकडे कधी मान वर करून पाहिल्याचं तिला आठवत नाही. तिच्या पायलट होण्यामागं विमान नव्हतं. पाणी होतं.

फवारणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाठीवर पंप बांधलेला बाप्या येतो. त्या पंपात पाणी कुठून येतं, हे कुणी विचारत नाही. एका एकराला दहा-बारा पंप लागतात, आणि ते सगळं पाणी विहिरीवरून बाई आणते. अनुपमा लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची, पंजाबरावांची, विहीर खाली नाल्याकडे आणि वावर वर चढावर. मोटारीचा पाइप वरच्या तुकड्यापर्यंत पोचायचा नाही. सासरा किंवा नवरा राजकुमार पंप मारणार. तानुबाई आणि अनुपमा डोक्यावर हंडे घेऊन चिखलातून वर-खाली करणार. वावराच्या कडेला, धुऱ्यावर ठेवलेलं टिपाड भरलं की रिकामं, भरलं की रिकामं. संध्याकाळी घरी आल्यावर सासरा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आज तीन एकर फवारलं." दोघी बायका गुडघ्यांना तेल चोळत तो आकडा ऐकायच्या.

मग सरकारी योजनेतून गावच्या बचत गटाला ड्रोन मिळणार असं कळलं. गटातली एक बाई शिकायला पाठवायची होती. बैठकीत कुणीतरी विचारलं, "याले पानी किती लागते?"

माहिती द्यायला आलेला माणूस म्हणाला, "एकराला दहा लिटर. औषध तेवढंच, पाणी कमी."

अनुपमानं तिथंच हात वर केला. दहा लिटर म्हणजे एक बादली. एका एकराला एक बादली!

पुण्याजवळच्या केंद्रात ती शिकायला गेली. बारावी सायन्स झालेलं होतं, त्यामुळं बॅटरी, दाब, वाऱ्याची दिशा हे तिला जड गेलं नाही. जड गेलं ते बोलणं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "सर, मले रिमोट द्या ना," आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. परीक्षेत तिनं कडाक्याच्या वाऱ्यात ड्रोन ठरल्या जागी उतरवला तेव्हा तेच हसणारे टाळ्या वाजवायला लागले. तिला वाटलं, सुटलो आपण. आता गावी जायचं, उडवायचं आणि हंडे ठेवून द्यायचे माळ्यावर.

गावात ड्रोन आला त्या दिवशी बँड लागला. गटाच्या अध्यक्ष गोजरबाईंनी ड्रोनला हळदकुंकू लावलं, पंख्यांना हार घातला. तो हार काढायला अनुपमाला अर्धा तास लागला, कारण झेंडूच्या पाकळ्या पार मोटारीत शिरल्या होत्या. शाळेच्या मैदानावर तिनं साध्या पाण्याची फवारणी करून दाखवली. पोरं ओरडली, म्हाताऱ्यांनी टोप्या सावरल्या. गावातले मोठे बागाईतदार हिंमतराव यांच्या हस्ते सत्कार झाला. शाल पांघरताना ते म्हणाले, "आमच्या गावची सून पायलट झाली. आता पंप मोडीत काढा रे!"

त्यांनी स्वतःचा पंप काही मोडीत काढला नाही. कुणीच काढला नाही. दोन हंगामांत अनुपमाला जेमतेम काही वावरं मिळाली, तीही बहुतेक पाहुण्यांची, भिडेखातर. धाडच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. पावसाळा आल्यावर तो उतरवून हिंमतरावांनीच गुरांच्या कडब्यावर झाकायला नेला. बॅटऱ्या, टाकी, ड्रोन वाहून न्यायला राजकुमार छोटा टेम्पो चालवायचा. पानठेल्यावर त्याला विचारायचे, "काय बे, आज पायलटीनबाईचं विमान कुठं उतरवलं?" तो हसण्यावारी न्यायचा, पण घरी आल्यावर चावी जरा जोरात आपटायचा.

यंदा पोळ्याच्या आधी हिंमतरावांचा फोन आला. सोयाबीन फुलोऱ्यात होतं, अळी पडली होती आणि मजूर मिळत नव्हते. अनुपमाला झोप लागली नाही. हिंमतरावांच्या वावरात काम झालं तर त्यांच्यामागं अर्धं गाव येणार, हे तिला माहीत होतं.

सकाळी वारा पडलेला असताना तिनं ड्रोन उचलला. पिकाच्या वर डोक्याइतक्या उंचीवर धरून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ पट्टे मारले. पंख्यांच्या वाऱ्यानं सोयाबीन लवायचं, पानं उलटी व्हायची आणि धुक्यासारखं औषध दोन्ही बाजूंनी बसायचं. चहा होईपर्यंत एक एकर झालंसुद्धा.

हिंमतराव वावरात शिरले. एक पान तोडलं, उलटंपालटं केलं. मग दुसरं तोडलं.

"झालं?"

"हाव काका, झालं."

"पान त कोरडं हाय!"

"थेंब लय बारीक असते काका. पडते आन् वाळते. पंपाचं पानी पानावरून गळून खाली मातीत जाते, म्हणून ओलं दिसते. याचं पानावरच बसते."

"बसलं म्हणते." त्यांनी पान नाकाशी धरलं. "मले त काही दिसून नाई राह्यलं."

"तीन-चार दिवस थांबा. अळ्या गळून पडलेल्या दिसतीन. फक्त वरून अजून काही मारू नोका."

"मी काऊन मारीन?" हिंमतराव म्हणाले.

पाच-सहा दिवसांनी त्यांच्या सोयाबीनच्या पानांच्या कडा तांबूस होऊन वळल्या. फुलं गळून सरीत पडली. हिंमतरावांनी दोन झाडं उपटून पारावर आणून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. "पाहा. विमानाचा परसाद." दुपारपर्यंत ती गोष्ट गावभर झाली, बाजाराच्या दिवशी धाडला पोचली. ज्या दोघा-तिघांनी पुढच्या आठवड्याचं सांगून ठेवलं होतं, त्यांचे फोन एकापाठोपाठ आले. एकानं पाहुणे आल्याचं कारण दिलं, एकानं पावसाचं. तिसऱ्यानं कारणही दिलं नाही.

अनुपमानं रात्रंदिवस तेच आठवून पाहिलं. औषधाचं माप बरोबर होतं. नोझल धुतलेले होते. उंची, वेग, वारा, सगळं जसंच्या तसं. मग जळलं कसं? स्वतःवरचा विश्वास डळमळायला लागला, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

उत्तर मिळालं पिठाच्या गिरणीवर. हिंमतरावांची बायको बनाबाई डबा घेऊन रांगेत उभी होती. गिरणीच्या घरघरीत ती अनुपमाजवळ सरकली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "तुह्या विमानाचा काही दोष नाई व माय."

"म्हंजे?"

"तू गेली, आन् दुसऱ्याच दिवशी घरच्याईनं पंप काढला. पान ओलं नाई झालं, औषध लागलंच नाई म्हणे. तेच औषध, वरून टॉनिक, वरून ते पान्यातलं खत, सारं एकाच पंपात. दिवसभर पानी वाह्यलं म्या. मान मोडली माही."

अनुपमानं मनात हिशेब जुळवला. दुप्पट औषध, त्यावर खत, वर भादव्याआधीचं ऊन. न जळतं तरच नवल.

"मावशी, हे चारचौघांत सांगाल का?"

बनाबाईनं तिचा हात गच्च धरला. "माहं नाव नोको घेऊ व. मले त्याच घरात राहाचं हाय." आणि डबा तिथंच सोडून गिरणीबाहेर गेली.

आता तर आणखीच वाईट झालं. कारण माहीत नव्हतं तोवर निदान शंका तरी होती. आता कारण माहीत होतं आणि तोंड बांधलेलं होतं. अनुपमा घरी आली आणि उगाचच सगळी भांडी परत घासायला काढली. तानुबाई नुसती बघत होती.

दोन दिवसांनी गोजरबाईंच्या ओसरीवर गटाची बैठक बसली. तालुक्यातला दुसरा एक गट ड्रोन मागत होता. "इथं काम नाही, वर बदनामी," गोजरबाई म्हणाल्या. "मशीन ठेवून करता काय? मले त्याईले हो म्हणू द्या." बायका खाली बघत होत्या. हिंमतराव गटात नव्हते, पण आले होते; खांबाला टेकून उभे होते. बनाबाई मागच्या भिंतीशी बसली होती.

अनुपमानं विचारलं, "काका, मी गेल्यावर वावरात काही मारलं होतं का?"

"काहीच नाई."

ते खोटं बोलताना त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. अनुपमाच्या लक्षात आलं, की त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. पंप काय, आजोबांपासून मारतात. पंपानं कधी कुणाचं जळलं? सांगण्यासारखं त्यात त्यांना काही वाटतच नव्हतं. मागं बनाबाई जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. अनुपमाच्या जिभेवर नाव आलं, आणि तिनं ते गिळलं.

"आन् एक सांग सूनबाई," हिंमतराव म्हणाले, "इतकं चांगलं हाय तुहं विमान, त पंजाबरावच्या वावरात काऊन नाई मारत? तिथं त अजून पंपच दिसते मले."

ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. अनुपमाचे कान तापले, कारण हे खरं होतं. दोन वर्षं ती लोकांच्या वावरात जात होती आणि घरच्या वावरात सासरा तिला ड्रोन आणू देत नव्हता. "लोकाच्या वावरात काय उडवाचं ते उडव," पंजाबराव म्हणायचे. "माह्या पिकावर परयोग नाई पाह्यजे." आणि ड्रोनवाली बाई अजूनही हंडेच वाहत होती. फोटोत रिमोट, डोक्यावर हंडा.

"परवा सकाळी," ती म्हणाली, "आमच्याच वावरात मारते. समद्यांनी या. नाई जमलं त मशीन द्या कोनाले द्याचं त्याले."

घरी येईपर्यंत बातमी तिच्याआधी पोचली होती. पंजाबराव ओट्यावर उभे होते.

"कोनाले इचारून सांगतलं?"

"कोनालेच नाई, मामाजी."

"माह्या वावराचा तमाशा करतेस? जळलं म्हंजे?"

"तुमचं तुम्हाले खरं वाटत नाई, त गावाले काऊन वाटीन?" तिचा आवाज चढला. सासऱ्यासमोर तो पहिल्यांदाच चढला होता. "दोन वरसं झाले. लोकं शाल देतात. घरात एक तुकडा नाई भेटत मले!"

राजकुमार टेम्पोचं टायर पाहायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पंजाबरावांनी गल्लीकडे नजर टाकली. मग म्हणाले, "गावात बोलून बसली. आता नाई म्हणलं त माही इज्जत जाईन. मार. पन वरचाच एक एकराचा तुकडा. खालच्याले हात लावाचा नाई."

ठरल्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं धुऱ्यावर जमली. काही मदतीला, बहुतेक मजा बघायला. तानुबाई विहिरीवरून एक बादली घेऊन आली. अनुपमानं टाकी भरली, ड्रोन उचलला. ड्रोन पहिल्या पट्ट्यात जरासा डगमगला, मग सरळ झाला. काम संपल्यावर नेहमीसारखंच झालं. माणसं वावरात शिरली, पानं तोडली, चोळली, हुंगली.

"कोरडं हाय बुवा."

"हिंमतराव खोटं नव्हता सांगत."

पंजाबरावांनीही एक पान तोडून अंगठ्यानं घासलं. सुनेकडे न बघता ते खिशात ठेवलं आणि घरी चालते झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याशेजारच्या खोलीत पंपाचा पट्टा खडखडला. अनुपमा धावत गेली. पंजाबराव पंप पाठीला लावत होते.

"मामाजी, नोका. चार दिवस थांबा, पाया पडते. हिंमतकाकाचं असंच..." ती थबकली.

"पान कोरडं हाय. म्या डोळ्यानं पाह्यलं. रात्रभर झोप नाई मले." त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "चाला व! पानी आनाले चाला!"

तानुबाई दारात सूप घेऊन बसली होती. तांदळातले खडे वेचत होती. ती उठली नाही.

"ऐकू नाई येत का? चाल म्हणलं!"

"मी नाई येत."

"काऊन?"

"काल एक बादली आनली म्या. एक. त्यात झालं वावर." तानुबाईनं सूप पाखडलं. "एवढे वरसं हंडे वाह्यले. आता नाई वाहात."

"अन् औषध लागलं नसन त?"

"त मग तुम्ही आना पानी. विहीर कुठं गेली नाई."

पंजाबरावांनी सुनेकडे पाहिलं. अनुपमानं हात मागं घेतले. त्यांनी राजकुमारला हाक मारली. तो टेम्पो घेऊन केव्हाच धाडला निघून गेला होता. मग त्यांनी स्वतः हंडा उचलला. खांद्यावर घेऊन चिखलातून चढाव चढले. पहिला हंडा टिपाडात ओतला तेव्हा नुसता तळ ओला झाला. दुसऱ्याला पाय घसरून अर्धं पाणी धोतरावर सांडलं. तिसरा अर्ध्या चढावर खाली ठेवून ते दगडावर बसले, आणि बराच वेळ विहिरीकडे आणि वावराकडे आळीपाळीनं बघत राहिले. टिपाड अजून पंपभरही झालं नव्हतं.

पंप परत खोलीत गेला.

चौथ्या दिवशी सकाळी वावरातून येताना त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. त्यांनी ते ओट्यावर टाकलं. काळ्या पडून आकसलेल्या अळ्या. "सरीत पडेल होत्या," एवढंच म्हणाले. पान हिरवंगार होतं, फूल जागच्या जागी होतं. अनुपमाला वाटलं, आता हे पारावर जातील आणि ही मूठ चार माणसांना दाखवतील, जशी हिंमतरावांनी झाडं दाखवली होती. पंजाबराव बैल धुवायला गेले. पारावर कुणी विचारलं तर म्हणायचे, "हाव, बरं हाय पीक." ड्रोनचं नाव नाही. जळाल्याची बातमी एका दुपारी धाडला पोचली होती. न जळाल्याची गल्लीच्या तोंडापर्यंतही गेली नाही. गोजरबाई मात्र वावर बघून गेल्या आणि म्हणाल्या, "पोळा होऊ दे, मग ठरवू मशीनचं." म्हणजे टांगतं ते टांगतंच.

एक गोष्ट तेवढी गावभर गेली. ती तानुबाईच्या तोंडून, नदीवर, गिरणीवर, हळदीच्या कार्यक्रमात. म्हाताऱ्यानं हंडा कसा उचलला आणि कुठं बसला, हे ती अभिनयासकट सांगायची. बायका पोट धरधरून हसायच्या. बनाबाईनं ती गोष्ट दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना ती हसली नाही.

पोळा झाल्यावर हिंमतरावांचा फोन आला. अनुपमानं उचलावा की नाही, याचा विचार करत तो वाजू दिला. मग उचलला.

"खालच्या वावरात अळी हाय," ते गुरगुरले. "घेऊन ये तुहं ते."

"काका, ते त जाळते ना?"

"हे पाय, मले काही इश्वास-बिश्वास नाई त्याच्यावर. पन हिचे गुडघे गेले म्हणे. पानी आनत नाई. मजुरीच्या बायाबी नाई म्हणून राह्यल्या. काय करू मंग?" जरा थांबून ते म्हणाले, "आन् फोटो नाई काढाचे."

अनुपमाला फोन आपटावासा वाटला. दोन वर्षं शिकून, उडवून, समजावून कुणाला काही पटलं नव्हतं. बायकांनी हंडे खाली ठेवले, म्हणून बोलावणं आलं होतं. ती म्हणाली, "येते. पन वरून पंप मारला त पुन्हा येनार नाई. आन् या वक्ती गप्प बसनार नाई."

तिकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो हिंमतरावांच्या धुऱ्याशी थांबला. कडब्यावर तिचा फ्लेक्स अजून होता. उन्हानं तोंड पुसलं गेलं होतं, हातातला रिमोट तेवढा दिसत होता. बनाबाई बाभळीखाली पाय लांब करून बसली होती. गुडघे ठणठणीत दिसत होते.

अनुपमानं टाकीचं झाकण उघडलं. "पानी लागन एक बादली."

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. बनाबाई दूरच्या डोंगराकडे बघत राहिली.

मग हिंमतरावांनी धोतर खोचलं, बादली उचलली आणि ते विहिरीकडे निघाले.